घरगुती निरोप-फलक : वय वर्षे आठ आणि पुढील सर्व पालकांसाठी

चेन्नईत मे महिन्यात अग्निनक्षत्र, म्हणजे ऐन कडक उन्हाचा काळ लागतो. त्या तीन-साडेतीन आठवड्यांत मुलांना बाहेर सोडता येत नाही आणि घरात ठेवून घेता येत नाही. अशा वेळी हाती घ्यायचा उपक्रम म्हणजे निरोप-फलक. उद्दिष्ट : कुटुंबातला संवाद वाढवणे. तो पहिल्या दहा मिनिटांतच वाढतो. कात्री कोणी नेली, हा विषय त्याला पुरतो.

पुठ्ठा घरात असतोच. बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे एक तरी खोकं न उघडता पडलेलं असतं. ते उघडावं, आतल्या वस्तू पाहून नवल करावं, आणि त्या दुसऱ्या खोक्यात भरून पुन्हा विसराव्यात. कॉर्कच्या तक्त्यासाठी वडिलांना पॅरीज कॉर्नरला पाठवू नये. तिथल्या गल्ल्यांत शिरलेला माणूस कॉर्क सोडून सगळं घेऊन येतो.

पुठ्ठ्यावर ताणायला मंजप्पै, म्हणजे इथली पिवळी कापडी पिशवी घ्यावी. प्लास्टिकपुढे ती मागे पडली होती. डिसेंबर 2021 मध्ये राज्य सरकारने मोहीम काढून तिला पुन्हा मान मिळवून दिला. पुढे कोयंबेडूच्या बाजारात दहा रुपये घेऊन पिशवी देणारं यंत्रही बसलं. पण तुम्हाला यंत्रापर्यंत जावं लागणार नाही. कुठल्याही लग्नाला जा, नारळ आणि विड्याची पानं घातलेली पिशवी परतताना हातात पडतेच. तिची शिवण उसवावी आणि नंतर पुठ्ठ्यावर ताणताना छापील बाजू आत घालायची आठवण ठेवावी. ही आठवण कोणालाही राहत नाही. त्यामुळे वधूवरांची नावं, मुहूर्त आणि मंडप असा पहिला निरोप फलकावर आयताच येतो. आजी दर आठवड्याला विचारतील, "ही कोण गं? आपल्याला बोलावलंय का?" दरवेळी नव्याने उत्तर द्यावं. उपक्रमाचं उद्दिष्ट संवाद हेच आहे.

आता चिकटवणं. फेविकॉल इथल्या दमट हवेत सावकाश वाळतो, आणि तेवढ्या वेळात मूल तीनदा उचलून बघतं. मैद्याची खळ स्वस्त पडते. शहरातल्या भिंतींवरची सिनेमाची आणि पुढाऱ्यांची पोस्टरं खळीवरच उभी राहिली. भिंती विद्रूप करण्याविरुद्ध तमिळनाडूत 1959 पासून कायदा आहे, आणि पोस्टरंही आहेत. खळीच्या ताकदीचा याहून मोठा दाखला नको. फक्त रात्री झुरळांनाही ती आवडते, हे ध्यानात ठेवावं. लोखंडी टाचण्या वापरू नयेत. खाऱ्या वाऱ्यात त्या बघता बघता गंजतात आणि वधूवरांच्या नावांवर डाग पाडतात. कपड्यांचे चिमटे बरे.

फलक टांगायला खिळा ठोकायचा विचारही मनात आणू नये. घरभाड्याच्या अनामत रकमेला इथे ॲडव्हान्स म्हणतात, आणि हाऊस ओनर घर परत घेताना भिंतीवरून हात फिरवून बघतात. मराठी माणसाने या मुलखात भिंतीवर मजकूर लिहिलाच नाही असं नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. पण सरफोजींना ॲडव्हान्स परत मिळवायचा नव्हता. तुम्ही खिडकीच्या गजाला सुतळीने बांधा, आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा. या लेखातली गंभीरपणे घ्यायची सूचना एवढीच. वर बांधलेल्या फलकावर दोन दिवसांत मोठ्यांचं राज्य येतं : दूध, गॅस, पाण्याची मोटर, "दात घासलेस का?" मुलाने केलेल्या फलकावर मुलालाच जागा उरत नाही.

निरोप कसा लिहावा हे ईबी, म्हणजे वीज मंडळाच्या कार्डाकडून शिकावं. मीटरजवळच्या त्या पांढऱ्या कार्डावर दर दोन महिन्यांनी माणूस येऊन आकडा लिहून जातो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, तरी सगळं घर ते वाचायला धावतं. मुलाचा निरोप त्याच शैलीत येईल : "बेझंटनगर बीच. रविवार." खाली "बघू" असं लिहू नये. ते उत्तर धरलं जात नाही.

लिहिलंच, तर पुढचा निरोप तमिळमध्ये येतो. मूल ते शाळेत शिकतं. तुम्हाला फार तर बसच्या पाटीवरचा नंबर वाचता येतो. मग कागद घेऊन खाली वॉचमन अण्णांकडे जावं लागतं. अण्णा तो मोठ्याने, सावकाश, अर्थासकट वाचतात. तेवढ्यात इस्त्रीवाले, दुसऱ्या मजल्यावरच्या मामी आणि पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हरही ऐकायला थांबतात. त्या रविवारी समुद्रावर जावंच लागतं. येताना अण्णांसाठी सुंडलचा एक पुडा आणावा. यापुढचे निरोपही त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचे आहेत.