स्थलांतराची तजवीज

वडाळ्यातील एक उपकरप्राप्त इमारत यंदा पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या यादीत दाखल झाली, विकासकाने तीन वर्षांत नवी इमारत उभी करून देण्याचा करारनामा रहिवाशांपुढे ठेवला, आणि तोवर दरमहा भाड्याची रक्कम घेऊन ज्याने त्याने आपापली सोय पाहावी असे सर्वांस कळविण्यात आले. त्यामुळे तिच्या दुसऱ्या मजल्यावर पागडीच्या खोल्यांत तीन पिढ्या नांदलेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी स्थलांतर-समिती स्थापन होणे क्रमप्राप्त झाले. अध्यक्षपद अर्थातच तात्यांकडे गेले. ते गोदीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, कोणत्याही प्रश्नाची तड लागो वा न लागो, त्याचे दप्तर मात्र चोख ठेवावयाचे, हा त्यांचा उभ्या नोकरीतला लौकिक आहे. सदस्य म्हणून आई, डोंबिवलीच्या आत्या, वसईचे मामा आणि तटस्थ साक्षीदार म्हणून प्रस्तुत लेखक. चिरंजीव वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीस असून आठवड्यातून दोन दिवस कचेरीत जातात व उरलेले तीन दिवस घरातूनच काम करतात. ते पदसिद्ध सदस्य. सूनबाई आठवड्याचे पाचही दिवस ऐरोलीस जातात. त्यांना समितीवर घेण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण सभा भरे तेव्हा त्या गाडीत असत.

पहिली बैठक पूर्वपीठिकेत गेली. तात्यांचे म्हणणे असे की, वडाळ्याचे महत्त्व ज्याला समजले नाही त्याने वडाळा सोडण्याची भाषा करू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, गिरगाव-मांडवीच्या कोंदट वस्तीतून लोक जीव घेऊन पळाले, आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमून दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूच्या माळांवर सरळ रस्ते आणि हवेशीर भूखंड आखले. म्हणजे मध्यमवर्गीय माणसाने कामाच्या ठिकाणापासून किती दूर राहावे याचा विचार या शहरात प्रथम मनुष्याने केला नसून उंदराने केला. तात्यांचे वडील नायगावच्या एका गिरणीत होते. भोंगा झाला की डबा उचलून निघावयाचे आणि पायी जावयाचे. प्रवास हा शब्द त्यांच्या तोंडी फक्त गावाकडे जाण्यापुरता असे. तात्यांना गोदी मिळाली, तीही हाकेच्या अंतरावर. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, भोंगे कायमचे मुके झाले, गिरणीवाल्यांची बिऱ्हाडे कल्याण, बदलापूर, विरारच्या दिशेने सरकत गेली, आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागांवर ज्या काचेच्या इमारती उठल्या त्यांत कामाला येणारी माणसे त्याच कल्याण, बदलापूर, विरारहून लोंबकळत येऊ लागली. या कुटुंबाने मात्र घर हलविले नाही. कामच दर पिढीला एकेक टप्पा लांब गेले: आधी नायगाव, मग गोदी, मग वांद्रे-कुर्ला, आणि आता खाडीपलीकडचे ऐरोली.

दुसऱ्या बैठकीत भूगोल झाला. वडाळा रोड हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे नऊ किलोमीटरवरचे स्थानक, १९२५ साली ज्या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली त्या हार्बर मार्गावरचे; येथे रुळांना फाटा फुटतो, एक वाट कुर्ल्यावरून पनवेलला जाते आणि दुसरी माहीमवरून गोरेगावला. अर्थात, दोन्ही दिशांना जाता येते म्हणून वडाळ्याइतकी सोयीची जागा नाही, असे तात्यांनी नमूद करून घेतले. या सोयीचे प्रात्यक्षिक कोणत्याही सकाळी पाहावयास मिळते. गर्दीच्या रेट्याने आत ढकलला गेलेला एखादा गृहस्थ हातातल्या मोबाईलमध्ये रमतो, गुरू तेगबहादूर नगर यावयाचे तेथे किंग्ज सर्कल आलेले पाहतो, आणि वाशीची मीटिंग टाकून माहीमच्या फलाटावर साहेबाला फोन लावीत उभा राहतो. फाटा रुळाला फुटतो, पण रजा माणसाची कापली जाते.

डोंबिवलीच्या आत्यांची साक्ष या चौकशीतील सर्वांत मोलाची, म्हणून ती जरा विस्ताराने देतो. डोंबिवलीस काय नाही, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. फडके रोडची दिवाळीची पहाट आहे, नाटके आहेत, व्याख्याने आहेत, मराठी शेजार आहे. आणि शहराच्या टोकापासून अंतर तरी किती, तर अवघे अठ्ठेचाळीस किलोमीटर. गाडीत जागा मिळते का, असे विचारता आत्यांनी शपथेवर सांगितले की हमखास मिळते, फक्त पद्धत माहीत हवी. सकाळी मुंबईस जावयाचे असल्यास प्रथम मुंबईच्या विरुद्ध दिशेने कल्याणला जावे, तेथे गाडी रिकामी होताच जागा धरून बसावे, आणि त्याच गाडीने पुन्हा डोंबिवलीवरून मुंबईस यावे. त्या वेळी फलाटावर उभ्या असलेल्या आपल्याच शेजाऱ्यांकडे पाहून हात हलविण्यास हरकत नाही. हे न साधल्यास तिघांच्या बाकावर चौथी सीट असते, म्हणजे निम्मे अंग बाकावर आणि निम्मे परमेश्वराच्या हवाली. तेही न साधल्यास बसलेल्या प्रत्येकास ‘कुठे उतरणार?’ असे विचारीत जावे आणि जो घाटकोपर म्हणेल त्याच्यासमोर ठाण मांडावे. आत्यांचे यजमान अशा रीतीने तीस वर्षे नोकरी करून सुखरूप निवृत्त झाले. आता ते सकाळी उठून गॅलरीत बसतात आणि कोठेही जा म्हटले तरी जात नाहीत.

वसईच्या मामांनी आपल्या साक्षीत गोड्या पाण्याच्या विहिरी, केळीच्या बागा आणि स्वस्त भाडी यांचे वर्णन केले. विरार गाडीचा विषय निघताच त्यांनी चहा मागितला.

मध्यंतरी एका दलालाने समितीपुढे हजर राहण्याची इच्छा दर्शविली. दलालांचे अंतराचे कोष्टक वेगळे असते, त्यात मैल व किलोमीटर नसून सर्व काही ‘पाच मिनिटां’त मोजले जाते. त्याने उलव्याची जागा सुचविली. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले, शिवडीतून चढले की २१.८ किलोमीटरचा पूल ओलांडून पलीकडे, तेव्हा उलवे हे वस्तुतः शिवडीचेच उपनगर समजावे, असे त्याचे प्रतिपादन होते. मोटारीस दर खेपेस टोल आणि दुचाकीस मज्जाव, या मुद्द्यावर तात्यांनी बोट ठेवले तेव्हा तो म्हणाला, ‘काका, पण काय व्ह्यू आहे!’ मग त्याने वडाळ्याच्याच मोनोरेलची महती सांगितली. ही गाडी २०१४ च्या फेब्रुवारीत चेंबूरपासून वडाळ्यापर्यंत आली, पुढे जेकब सर्कलला पोचावयास तिला मार्च २०१९ उजाडला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिला सुधारणेसाठी विश्रांती देण्यात आली. रिकामी धावणारी गाडी इतकी दमते कशाने, ही चौकशी समितीच्या कक्षेबाहेरची असल्याने तहकूब ठेवली. वडाळ्याहून कासारवडवलीस जावयाच्या मेट्रोविषयी विचारता, ती आल्यावर भाडी वाढतील, सबब आत्ताच घ्या, असा सल्ला मिळाला. शिवाय वडाळ्यातच राहावयाचे असल्यास एका नव्या वसाहतीचे नाव ‘न्यू कफ परेड’ आहे, हे त्याने आवर्जून सांगितले. ज्या वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० साली मूठभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तेथे आता समुद्रकाठच्या दुसऱ्याच मोहल्ल्याचे नाव लावल्याशिवाय घर खपत नाही. मूळ कफ परेडवाल्यांनी आपल्या पाटीवर ‘जुना वडाळा’ असे लिहून या प्रेमाची परतफेड केल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

आईंनी आतापर्यंत तोंड उघडले नव्हते. जागा पाहावयास गेल्यावर त्या खिडकी, वारा, दृश्य यांकडे ढुंकून पाहत नसत. दारात उभ्या राहून आडवा पंजा पसरून चौकट वितीवितीने मोजीत, कारण लग्नातले लोखंडी कपाट आत जाईल की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. कपाट साडेतीन वीत रुंद. शिवाय विठोबाचा प्रश्न होता. ज्यांना पंढरपूर गाठवत नाही ते आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराशी रांग लावतात, आणि ज्याच्या दारी सगळी मुंबई चालत येते त्याला पाठमोरे करून आपण बदलापूरला जावयाचे, हे त्यांच्या मनाला पटेना. तथापि बदलापूरचे भाडे सर्वांत कमी असल्याने, विकासकाच्या रकमेतून दरमहा चार पैसे शिल्लक राहतील अशा मतलबाचा ठराव तात्यांनी मसुद्यात घातलाच होता. बदलापूर टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटर. ‘सकाळी थोडे लवकर निघावे लागेल, एवढेच,’ असा शेरा त्यांनी समासात मारला. कोणी निघावे लागेल, ते लिहिले नाही.

तो मसुदा सूनबाईंनी रात्री मटार सोलताना वाचला. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘आई, सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर ऐरोलीला येता का? एकदा बघून या.’ तात्याही येण्यास तयार झाले, परंतु बायकांच्या डब्यात अध्यक्षांना प्रवेश नसल्याने त्यांनी आपला दौरा रद्द केला.

त्या सोमवारचा वृत्तांत आईंनी दिला तो असा. पहिली गाडी सोडावी लागली, दुसरीत सूनबाईंनी त्यांना दंडाला धरून आत घेतले. कुर्ल्याला बायका उतरल्या त्याहून अधिक चढल्या. मानखुर्द सुटून गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हा जरा वारा लागला, आणि त्या वाऱ्यात पाच-सहा जणींनी एकदम डबे उघडले. सूनबाईंनीही पर्समधून पोळीची गुंडाळी काढली आणि उभ्यानेच खाल्ली. ‘घरी खाऊन का निघत नाहीस गं?’ असे आईंनी विचारले. ‘घरी वेळ कुठे असतो?’ वाशीला उतरून ठाण्याकडे जाणारी गाडी, त्या गाडीतही उभेच, ऐरोलीला उतरून पुन्हा रिक्षेची रांग. संध्याकाळी हेच सारे उलट्या क्रमाने. फरक इतकाच की येताना मटार होते.

मंगळवारी आईंनी सभा बोलाविली. अध्यक्षांच्या परवानगीची वाट न पाहता त्यांनी विचारले, ‘अहो, सहा महिने तुम्ही डोंबिवली, वसई, उलवे, बदलापूर सगळे पाहिलेत. हिच्या कचेरीजवळचे एक तरी घर पाहिलेत का?’ तात्यांनी दप्तर चाळले. ऐरोलीचा कागद त्यात नव्हता. चिरंजीवांनी आपल्याला ऐरोलीहून ठाणे आणि ठाण्याहून कुर्ला असे पडेल, तेथून पुढे आणखी रिक्षा, अशी कैफियत मांडण्यास प्रारंभ केला, तेव्हा आई म्हणाल्या, ‘तू दोन दिवस जातोस. ती पाच दिवस जाते. तुला कल्याणला उलटे जाऊन बसून यायची पद्धत आत्या शिकवतील.’ नातवाच्या शाळेविषयी म्हणाल तर तो अद्याप बालवाडीत आहे, आणि बालवाड्या ऐरोलीसही आहेत. विठोबाविषयी विचारता, तो अठ्ठावीस युगे उभा आहे, तीन वर्षे आणखी थांबेल, असे उत्तर मिळाले. बदलापूरचा ठराव रद्दबातल झाला, समिती बरखास्त झाली, आणि तात्यांना दप्तर बांधून ठेवण्यास दोन फिती दिल्या गेल्या.

तेव्हा वाचकांस विनंती अशी: ऐरोली स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, आणि ही पाच मिनिटे सकाळी सव्वाआठला खांद्यावर पर्स व हातात डबा घेऊन चालणाऱ्या बाईच्या पायांनी मोजलेली असावीत, तीन वर्षांच्या मुदतीने भाड्याची जागा पाहिजे. दरवाजा साडेतीन विती रुंद असणे आवश्यक. विठोबा नसला तरी चालेल. दलालांनी तसदी घेऊ नये.