स्की, सू आणि समोसा

ऑकलंडमध्ये बर्फ पडत नाही. चुकून पडला तर त्याची बातमी होते. 15 ऑगस्ट 2011 रोजी, भारतात झेंडावंदन होत होतं त्या दिवशी, ऑकलंडच्या भर शहरात हिमकण भुरभुरले आणि लोकांनी हात पुढे करेपर्यंत विरघळूनही गेले. त्यामुळे ऑकलंडकराला बर्फ हवा असेल तर उठून त्याच्याकडे जावं लागतं. जवळात जवळचा भरवशाचा बर्फ सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर रुआपेहू डोंगराच्या अंगावर असतो.

जून उजाडला, इथला हिवाळा सुरू झाला, की हे उठून जाणं मराठी घरांच्या डोक्यात शिरतं. ऑकलंड मराठी असोसिएशनच्या कार्यक्रमांना जमणाऱ्या गर्दीत पुढचं कुटुंब कुणालाही सहज ओळखता येईल. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, बाबा आयटीत, थोरली चार वर्षांची, धाकटा दोनचा. शिवाय नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. आजोबा एलआयसीतून निवृत्त झालेले. आजींना बर्फाचा पूर्वानुभव होता. तीस वर्षांपूर्वी रोहतांगला भाड्याचा केसाळ कोट आणि दोन्ही पाय डावे असलेले गमबूट घालून त्यांनी फोटो काढला होता. तो फोटो अजून दिवाणखान्यात आहे. त्यात चेहरा सोडून सगळं दिसतं.

बाबांनी एक्सेलमध्ये तक्ता काढला. पहिल्या रकान्यात क्वीन्सटाउन. तिथल्या कोरोनेट पीकवर 1947 साली दोरीने वर ओढणारी यंत्रणा बसली आणि न्यूझीलंडमध्ये स्कीचा व्यवसाय सुरू झाला. तिकडच्या कार्ड्रोना आणि रिमार्केबल्सवर तर पाळणाघरंसुद्धा आहेत: पोरं आत ठेवा, आपण घसरा. आजींचं मत क्वीन्सटाउनलाच होतं, कारण ‘कहो ना प्यार है’चं चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झालं होतं आणि हृतिक रोशन जिथे नाचला ती जागा त्यांना बघायची होती. पण विमानात दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र तिकीट लागतं, आणि धाकट्याने मे महिन्यातच ती चूक केली होती. सहा तिकिटांच्या डॉलरना आजोबांनी रुपयांनी गुणलं. हृतिक तिथेच बारगळला.

तारखांचा प्रश्न वेगळाच होता. लहान मुलांना घेऊन बर्फात जायचं तर शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात, हे शहाणपण सगळे सांगतात. या घरातली दोन्ही मुलं शाळेत जात नव्हती. जात होती ती आई. त्यामुळे 2026 मधल्या 4 ते 19 जुलैच्या सुट्टीतच, सगळ्या देशाबरोबर, निघणं आलं. मधल्या 10 जुलैला मातारिकीची सार्वजनिक सुट्टी. हे माओरी नववर्ष, 2022 पासून सरकारी सुट्टीचं. कडक थंडीत पहाटे ज्या तारका उगवल्या की ते सुरू होतं, त्या म्हणजे आपल्या कृत्तिका. हे कळल्यावर आजींचा प्रवासाला असलेला निम्मा विरोध मावळला.

उरलेला निम्मा आजोबांनी पुढे चालवला. रुआपेहू, 2,797 मीटर, उत्तर बेटाचं सर्वोच्च टोक. इथपर्यंत त्यांना काही अडचण नव्हती. पण पुढे वाचल्यावर चष्मा नाकावरून खाली आला. हा जिवंत ज्वालामुखी आहे. 1995 मध्ये उसळला, 1996 मध्ये उसळला, 2007 मध्ये पुन्हा. “म्हणजे खाली लाव्हा, वर बर्फ आणि मधे आपण?” बाबांनी जिओनेट हे संकेतस्थळ दाखवलं. त्यावर ज्वालामुखीच्या हालचालीची पातळी शून्य ते पाच अशा आकड्यांत जाहीर होते. तेव्हापासून आजोबा सकाळी दूध तापायला ठेवून आधी रुआपेहूची पातळी बघायचे आणि मग आपला रक्तदाब.

खरा धक्का त्यांना एसीसी या योजनेने दिला. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघाताच्या दुखापतीसाठी सर्वांना सरकारी विमासंरक्षण आहे. चूक कुणाची हे विचारत नाहीत, आणि पाहुण्यांच्याही उपचारांना ते लागू होतं. “प्रीमियम कोण भरतं?” आजोबांनी विचारलं. पगारातून कापतात, मालक भरतात, पेट्रोलवरही आकारणी असते. “आणि पॉलिसी विकतं कोण?” कुणीच नाही. एकही एजंट नसलेला विमा! त्या रात्री आजोबा उशिरापर्यंत जागे होते.

मग सामान. मुलांचे स्नोसूट ‘ट्रेड मी’वरून जुने घेतले, हातमोजे शेजाऱ्यांकडून आले, आजींनी विणलेल्या कानटोप्या नाशिकहून आल्याच होत्या. त्या आणताना विमानतळावर आजींनी सगळं घोषित केलं होतं, कारण न सांगता खाण्याचं काही आत नेलं तर तिथल्या तिथे 400 डॉलरचा दंड होतो आणि मधाला तर बंदीच आहे. मध नाशिकलाच राहिला. वेखंड म्हणजे काय, हे अधिकाऱ्याला समजावताना मात्र न्यायला आलेल्या सुनेचं फोनवरचं इंग्रजी संपलं होतं.

गाडी सात आसनांची. सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मान्यताप्राप्त बालआसनात बांधणं कायद्याने सक्तीचं, म्हणून दोन आसनं तशी गेली. उरलेल्या जागेत चार मोठे, भाताचा कुकर, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, टायरच्या साखळ्या आणि आजोबांच्या मांडीवर कोकम सिरपची बाटली. बर्फ फुकट मिळणार असेल तर गोळा का करू नये, असा त्यांचा साधा हिशेब होता.

इतकी तयारी झाल्यावर निघायच्या आठवड्यात धाकट्याने डायपर सोडला. स्वतःहून. घरात पेढे वाटावेत अशी ही घटना, पण एक्सेलच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता.

गाडीचा नकाशा साडेचार तास सांगत होता. तो नकाशा ज्याने केला त्याला मुलं नसावीत. या कुटुंबाने हा देश किलोमीटरने मोजला नाही. ओटोरोहांगा: सू, शिवाय किवी पक्ष्यांचं घर बघून झाल्यावर पुन्हा सू. टे कुइटी: सू आणि मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या माणसाचा भलामोठा पुतळा. टाउमारुनुई: थोरलीला उलटी, धाकट्याला सू, आजोबांना चहा. आठव्या तासाला अंधारात मोटेल आलं. इथल्या मोटेलात बहुधा छोटं स्वयंपाकघर असतं. कुकरची शिट्टी झाली आणि मेतकूट-भात जेवून सगळे झोपले. डोंगर बाहेर होता, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशीही तो तसाच, म्हणण्यापुरता. वारा सुटलेला, वर जाणारा रस्ता बंद. बाबांचा तक्ता इथे कोसळला आणि आईतली शिक्षिका जागी झाली: पावसाळी दिवसाचा कार्यक्रम काढायचा. म्हणून मंडळी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला ओहाकुनेला गेली. 1920 च्या दशकात चिनी शेतकऱ्यांनी तिथली जमीन मोकळी करून भाजीपाला लावला, तेव्हापासून ते गाजरांचं गाव. गावाच्या वेशीवर एक गाजर उभं आहे, दुमजली घराएवढं. एका बँकेच्या टीव्ही जाहिरातीसाठी ते बनवलं होतं. जाहिरात संपली, गाजर राहिलं. आजूबाजूला खेळायची बाग आहे. धाकटा त्या गाजरासमोर पंढरपूरला पोचल्यासारखा उभा राहिला. पावसात. त्याला उचलून गाडीत घालायला दोन माणसं लागली.

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं आणि खिडकीत अख्खा रुआपेहू. गाडी फाकापापाकडे निघाली. लिहिताना डब्ल्यू-एच, म्हणताना फ. स्कीचा पायथा साधारण 1,630 मीटरवर आहे. कळसुबाईचं शिखर 1,646 मीटर. “म्हणजे कळसुबाईच्या शेंड्यावर गाडी लावायची?” तरुणपणी शिडीच्या वाटेने कळसुबाई चढलेल्या आजोबांना ही सोय अपमानास्पद वाटली. 1913 साली याच डोंगरावर दोघाजणांनी परदेशातून मागवलेल्या स्की पायांना बांधल्या आणि त्याच वर्षी रुआपेहू स्की क्लब स्थापन झाला. तेव्हा इथे ना गाडीरस्ता होता ना पाळणा. त्या दोघांबरोबर दोन वर्षांचं कुणी नव्हतं, हे त्यांच्या यशाचं एक कारण असावं.

नवरीला शालू नेसवायला तीन बायका पुरतात. दोन वर्षांच्या मुलाला वाहनतळावर स्नोसूट चढवायला चार मोठी माणसं लागली: एकाने धरायचं, एकाने कोंबायचं, एकाने चेन ओढायची आणि आजोबांनी सूचना द्यायच्या. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर सूट, बूट, टोपी, हातमोजे. वरून चेहऱ्याला सनस्क्रीन, कारण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. आजींना हे पटेना. त्यांनी थंडीसाठी खोबरेल तेल आणलं होतं. शेवटी दोन्ही लावलं. पंचवीस मिनिटांनी धाकटा सर्व बाजूंनी बंद झाला, दोन्ही हात आडवे, कुठल्याच सांध्यात वाकेना.

“सू,” तो म्हणाला.

थोरलीला ‘हॅपी व्हॅली’त नवशिक्यांच्या वर्गात घातलं होतं. लहान मुलांना थांबायला शिकवताना स्कीची पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण करायला सांगतात आणि त्याला म्हणतात पिझ्झा. प्रशिक्षिका ओरडली, “पिझ्झा!” थोरलीने इकडेतिकडे पाहिलं आणि ती सरळ खाली गेली. पुन्हा पिझ्झा, पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा कुंपणापलीकडून आजींनी हाक दिली, “अगं, समोसा कर, समोसा!” थोरलीने टोकं जुळवली आणि जागच्या जागी थांबली. शेजारच्या दोन किवी मुलांनीही समोसा केला.

त्या वर्गात वर चढायला जमिनीवर सरकता पट्टा असतो, त्याचं नाव मॅजिक कार्पेट. थोरलीला पट्टा इतका आवडला की खाली येणं ही तिला वर जाण्यासाठी भरायची किंमत वाटू लागली. धाकट्याला बर्फावर ठेवलं. तो बघत राहिला. हातमोजा काढला, बर्फाला बोट लावलं, दुसरा आजोबांना दिला आणि रडायला लागला. आजोबांनी पेल्यात बर्फ भरून कोकम ओतलं. आजी “खोकला होईल” म्हणत असतानाच गोळा संपला, बराचसा आजींनीच संपवला. घड्याळात पाहिलं तर सगळे मिळून बर्फात बावीस मिनिटं होते.

कॅफेत मुलांसाठी फ्लफी मागवली. फ्लफी म्हणजे इवल्याशा कपात दुधाचा फेस, वर चॉकलेटची पूड आणि बाजूला मार्शमॅलो. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, तेव्हा तो मांसाहार चालणाऱ्या बाबांकडे गेला. “दूध खाली ठेवतात आणि फेस विकतात,” आजोबा म्हणाले आणि स्वतःसाठी एक मागवली.

रविवारी नाशिकला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे आत्या, तिची मुलं, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे बर्फ ऐकायला जमलेले.

“काय काय बघितलंस बाळा?” आत्याने विचारलं.

“गाजर,” धाकटा म्हणाला.

“आणि ताई, तू?”

“सरकता जिना. आणि फेस.”

“बर्फ सांगा, बर्फ!” मागून आजोबा ओरडले. “साडेतीनशे किलोमीटर गेलो होतो आपण!”

धाकट्याने पडद्याकडे पाहिलं. तिकडे सगळे पुढे झुकले. त्याने बराच विचार केला.

“सू,” तो म्हणाला.