एअरब्रश घेणारे भाऊ

वर्ध्याचं सावंगी (मेघे) म्हटलं की लोकांना दवाखाना आठवतो. विनोबांच्या नावाचं रुग्णालय, नेहरूंच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि शरद पवारांच्या नावाचं दंत महाविद्यालय इथे एकमेकांना खेटून सुखानं नांदतात. एवढं जिथे जमतं, तिथे कुठल्याही दुखण्यावर इलाज मिळायला हवा. आमच्या भाऊंच्या दुखण्यावर मात्र अजून सापडलेला नाही. भाऊ एअरब्रश घेताहेत.

भाऊ म्हणजे कुणी एकच माणूस आहे असं समजू नका. असे भाऊ यवतमाळला कॅमेरा घेत असतात, अमरावतीला दुर्बीण. सावंगीच्या भाऊंना विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवायच्या आहेत, एवढाच फरक. त्यांच्या कपाटात मिग-२१चा खोका आहे. एकास बहात्तर प्रमाणातलं, तयार झालं की वीतभर भरेल असं विमान. हवाई दलानं १९६३ साली मिग घेतलं, लढाया लढवल्या आणि सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला निरोप देऊन निवृत्तही केलं. भाऊंचं मिग अजून सेवेत रुजू व्हायचंय. रंगाशिवाय जोडायचं नाही आणि एअरब्रशशिवाय रंगवायचं नाही, असा त्यांचा बाणा. ब्रशनं रंगवलं की रेघा उठतात म्हणे.

एअरब्रशचं हे यंत्र दिसायला फाउंटन पेनाएवढं. वर रंगाची वाटी, खालून हवेची नळी, आत एक सुई. भाऊ ते न घेताच इतकं छान समजावतात की ऐकणाऱ्याला आपणच ते वापरून आलो असं वाटावं. सिंगल ॲक्शनमध्ये खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात. रंग किती हवा ते मागचा स्क्रू फिरवून आधीच ठरवायचं. डबल ॲक्शनमध्ये दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. वरची वाटी असेल तर रंग आपल्या वजनानं उतरतो, खालची बाटली असेल तर हवेनं वर ओढावा लागतो. बारीक कामाला ०.२ मिलिमीटरचं नोझल, पण ते तुंबतं. ०.५चं तुंबत नाही, पण बारीक काम होत नाही. मधलं ०.३ घ्यावं असं जगभरचे जाणकार सांगतात. भाऊंना ते पटतं, आणि पटलं की त्यांना शंका येते.

एकदा ते फाटकापाशी सांगत होते की रंग दुधाएवढा पातळ हवा. दूधवाला उभाच होता. त्यानं विचारलं, "कोणत्या दुधाएवढा भाऊ? गाईच्या की म्हशीच्या?" त्याला घरी पोचायची घाई होती. पण भाऊंनी प्रश्न मनावर घेतला आणि खरेदी आणखी पुढे गेली.

कॉम्प्रेसरचं प्रकरण तर वेगळंच. भाऊ दाढ दाखवायला गेले आणि कॉम्प्रेसर पाहून आले. दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर बिनतेलाचा असतो, कारण ती हवा माणसाच्या तोंडात जायची असते. एअरब्रशलाही तशीच हवा लागते. तेलाचा थेंब आला की रंगाला डोळे पडतात. तोंडाचा आ वासलेला असताना भाऊंनी टाकी किती लिटरची, हे विचारलं. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

मुळगावकरांवर मात्र त्यांची खरी भक्ती आहे. चित्रकार रघुवीर मुळगावकरांनी एअरब्रशच्या फवाऱ्यानं देवादिकांच्या गालांवर अशी लाली चढवली की ती कॅलेंडरं घरोघरी खिळ्याला लागली. त्यांनी कुठलं नोझल वापरलं असेल, यावर भाऊ तासभर बोलू शकतात. मुळगावकरांच्या आणि भाऊंच्या एअरब्रशमध्ये मला एकच फरक दिसतो. त्यांच्याकडे तो होता.

भाऊ टाळाटाळ करतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना वर्ध्याचं हवामान साथ देत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रंग सुईच्या टोकावरच वाळतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी नळीत उतरतं आणि रंगासोबत थेंब उडतात. थंडी चांगली, पण थंडीत लग्नं असतात. वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, घेऊन टाका ना आता!" भाऊ म्हणाले, "घेऊनच राहिलो ना."

यंदा तान्हा पोळ्याला मात्र कसोटी आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी मिरवतात आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागतात. सिंदी रेल्वेचे नंदी तर एवढे मोठे की त्यांच्यापुढे खरा बैल लाजावा. पुतण्याचा नंदी हातभर होता. "काका, तुम्ही रंगवा ना," तो म्हणाला. भाऊ हरखले. खऱ्या बैलाशी प्रमाण किती पडतं ते त्यांनी मोजलं, पांढऱ्याच्या किती छटा असतात ते पाहिलं, आणि ०.३ की ०.५ यावर येऊन थांबले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पोरगं नंदी काखेत मारून नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलं. तो एका गाडीचं बॉनेट मारत होता. गनमध्ये पांढरा ड्यूको होताच. त्यानं नंदीवरही दोन हात फिरवले आणि पैसे घेतले नाहीत.

तान्हा पोळ्याला नंदी दारात आला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. भाऊंनी चष्मा लावला, नंदी उचलला, शेपटीखाली पाहिलं. "धुई आलीय इथे," ते म्हणाले. "दमट हवेत ड्यूको मारला की येतेच. मॉइश्चर ट्रॅप लावला नसेल."

"काका, बोजारा?" पुतण्यानं हात पुढे केला.

भाऊंनी पाकीट काढलं. आत दहाची नोट होती आणि वीसची. दहाची जरा नवी होती. भाऊ दोन्ही उजेडात धरून पाहू लागले, तोवर पुतण्या तीन घरं करून आला होता.