तोफ, खंड्या आणि आप्पांची दुर्बीण

लेस्टर, रविवार

ती. आप्पा व सौ. आई यांस,

कुकरच्या शिट्ट्या मोजीत लिहीत आहे. मध्येच हळदीचे बोट उमटल्यास क्षमा असावी. 'शेत विकायला काढतोस की काय?' असा जो सवाल आपण परवा फोनवर चिंताक्रांत स्वरात केला, त्याचे मूळ ताईने सर्व नातेवाइकांस धाडलेल्या छायाचित्रात आहे. माझ्या खांद्यावर दिसणारी ती तोफ रटलंड वॉटर तलावाकाठी पक्षी पाहण्याच्या लपणीत शेजारी बसलेल्या एका सद्गृहस्थाची असून, मी ती दोन मिनिटे तोलून धरली, एवढाच माझा अपराध. ६०० मिलिमीटरचे, एफ-४ चे भिंग. तोंडाचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे आईच्या थालीपिठाएवढा. आणि किंमत १२,००० पौंडांच्या वर! एवढ्या रकमेत भाऊकाकांचा धुऱ्याचा दावा आणखी दोन पिढ्या सुखाने चालेल.

शिवाय तोफ असूनही उपयोग काय? निळोणा धरणाच्या काठी फुकटात दर्शन देणारा आपला लहान निळा खंड्या, तोच, त्याच जातीचा, येथे सरकारी इतमामाचा असामी आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव दाखल असून, घरट्यापाशी त्याच्या गृहस्थाश्रमात व्यत्यय आणणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. त्याला न बुजवता तेथे छायाचित्र घेण्याची शाश्वती नसेल, तर आधी परवाना काढा. कायदा रास्तच आहे. परंतु ज्याने लहानपणी खंड्याच्या बिळात हात घालून आपला मार खाल्ला, त्याला हे सारे त्या माराचेच इंग्रजी भाषांतर वाटते.

आता आपण धाडलेल्या कात्रणातील '५२५ पट' दुर्बिणीविषयी. तिचे तोंड ६० मिलिमीटरचे. अशा दुर्बिणीस १२० पटींपलीकडे ताणले, की ताकात पाणी ओतल्यासारखे चित्र वाढते, चव जाते. त्यातून ती आकाशाची. चंद्र उलटा दिसल्याने कोणाचे बिघडत नाही; पण शीर्षासन करणारा बगळा आपल्याला रुचणार नाही. आपल्यासाठी ८×४२ ची जोड-दुर्बीण मुक्रर केली आहे: आठ पट, तोंड ४२ मिलिमीटरचे, पहाटेही उजेड पुरेसा, आणि हात थरथरला तरी पक्षी फार नाचत नाही. बेंबळा धरणावरील दूरच्या बदकांसाठी तिपाईवरची २० ते ६० पटींची हवी खरी, परंतु उन्हे चढली की तापल्या हवेत तीही लटपटते.

बंडूला मुलगी पसंत पडल्याचे कळले. मुलीला बंडू पसंत पडला किंवा कसे, हे आईने कळविलेले नाही. मुंगवड्या पोहोचल्या. लपणीत एक कोरडीच चावली, आणि दसऱ्याच्या त्या संध्याकाळी आठवल्या, जेव्हा आपण छत्रीच्या टोकाने तारेवरचा नीळकंठ दाखवीत असा. आप्पा, मला तो एकाही वर्षी वेळेवर दिसला नाही. 'दिसला' म्हणून मी दरसाल खोटेच सांगितले.

यंदा तो आपल्यालाही दिसला नाही, असे आई हलक्या आवाजात म्हणाली. दुर्बीण दिवाळीत जावईबापूंबरोबर धाडतो. पण मोतीबिंदूवर तिचा इलाज नाही. आधी डोळ्यातले भिंग बदलून घ्यावे. डॉक्टरांनी तारीख दिली की कळवावे. रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे.