तेराचे अकरा

लग्नाच्या मांडवात कुणी नवरीचा शालू बघतं, कुणी जिलेबी आहे की गुलाबजाम ते बघतं. अपघातवाले वकील नवरदेवाचा थोरला भाऊ बघतात. वय 38, स्वतःचं हार्डवेअरचं दुकान, घरात बायको, दोन मुलं आणि आई. अक्षता टाकता टाकता त्यांचा हिशोब सुरू होतो. महिन्याचे 20 हजार धरू. पुढच्या वाढीचे चाळीस टक्के मिळवले, झाले 28. अवलंबून माणसं चार, म्हणजे स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा, राहिले 21. गुणिले बारा, गुणिले पंधरा. मंगलाष्टकं संपायच्या आत 37 लाख 80 हजारांवर आकडा येऊन थांबतो. अंत्यविधीचा खर्च वेगळा.

यात वकीलसाहेबांचा दुष्टावा काडीचा नाही. हा पाढा सर्वोच्च न्यायालयाचा आहे. 2009 सालच्या सरला वर्मा निकालानं कुठल्या वयाला किती गुणक ते ठरवलं, 2017 च्या प्रणय सेठी निकालानं पुढच्या वाढीचे टक्के बांधून दिले, आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात वकिली करणाऱ्यांना माणसाकडं बघायची नवी नजर मिळाली. पंचविशीपर्यंत गुणक 18, तिथून तो उतरत जातो. 46 ते 50 ला 13 आणि 51 लागलं की एकदम 11. मधला बारा कुठं गेला, हे विचारायचं नसतं. म्हणून कुणाच्या पन्नाशीच्या सत्काराला गेले की वकीलसाहेब हार घालतात, पेढा खातात आणि कानाशी लागून सांगतात, "आता गाडी जपून चालवा. पुढच्या वर्षी तेराचे अकरा होतात."

हा माणूस महामार्गालगतच्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावाला सापडतो. इतरांना खंबाटकीचा घाट म्हणजे धुकं, कणीस आणि गाडी लागणं. यांना बोगद्यापुढचं ते एस आकाराचं वळण पंचनाम्यासकट आठवतं. एसटीच्या खिडकीतून बोट दाखवून ते शेजाऱ्याला सांगतात, "इथं आपली एक मॅटर आहे." शेजारी पुढच्या स्टॉपला जागा बदलतो.

अमेरिकेत यांचे जे भाऊबंद आहेत त्यांचं बरं आहे. तिकडं 1977 साली बेट्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली. तेव्हापासून हमरस्त्याच्या कडेला घराएवढ्या फलकावर वकील हात बांधून उभा असतो आणि खाली फोन नंबर. भरपाई मिळाली तर साधारण तिसरा हिस्सा त्याचा, नाही मिळाली तर काही नाही, असा रोखठोक व्यवहार. आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियमांत जाहिरात बसत नाही आणि निकालावर अवलंबून फी ठरवणंही बसत नाही. पाटी लावायची तीही बेताच्या आकाराची. त्यामुळं आमच्या वकीलसाहेबांचा फलक म्हणजे क्रेनवाला, गॅरेजवाला आणि सिव्हिल हॉस्पिटलसमोरचा चहावाला. फीचं विचारलं तर ते छताकडं बघतात आणि म्हणतात, "आधी निकाल तर लागू द्या. मग तुम्हीच काय ते समजून द्या." किती समजायचं ते पक्षकाराला त्यांचा कारकून जिन्यात समजावतो.

करिअरची सुरुवात मात्र फार साधी असते. ज्युनियर म्हणून लागलेल्या पोराचं पहिलं काम पोलीस ठाण्यात खेटे घालणं. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, आरटीओचा तपासणी अहवाल, कॉम्प एए फॉर्म. दुसरं काम तारीख घेणं, तिसरं बाररूममधून साहेबांना शोधून आणणं. पूर्वी घाई नसायची. 1994 साली दाव्याची मुदतच कायद्यातून काढून टाकली होती, त्यामुळं तेराव्याचे लाडू पचवून निवांत आलं तरी चालायचं. 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत परत आली आणि ज्युनियरची चप्पल झिजायला लागली.

पाचेक वर्षांत त्याला पंचनामा वाचता येऊ लागतो, आणि इथं तो खरा वकील होतो. ब्रेकच्या खुणा किती फूट, काच कुठं सांडली, मोटारसायकल साइडपट्टीपासून किती अंतरावर. त्या एका कागदावरून कुणाची चूक किती टक्के ते ठरतं आणि त्या टक्क्यांत पोरांची शाळा असते. चांगला वकील टेप घेऊन स्वतः जागेवर जाऊन येतो. वाईट वकीलही जातो, पण ढाब्यापर्यंत.

डॉक्टरची साक्ष हे पुढचं शिखर. डॉक्टर पिंजऱ्यात उभा, हातात पंचेचाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला. विमा कंपनीचे वकील गोड आवाजात विचारतात, "या पेशंटवर आपण स्वतः उपचार केलेत का?" नाही. "पंचेचाळीस टक्के पायाचे की सगळ्या शरीराचे?" पायाचे. "म्हणजे शरीराचे कमी?" डॉक्टर घड्याळ बघतो, त्याची ओपीडी खोळंबलेली. मग आमचे वकीलसाहेब उठतात. 2010 चा राज कुमार निकाल त्यांना पाठ आहे: पायाचं काय गेलं ते विचारू नका, पोटाचं काय गेलं ते विचारा. हात तुटला तर सरकारी कारकुनाचा पगार चालू राहतो, ड्रायव्हरचा संसारच थांबतो. "डॉक्टर, या पायानं क्लच दाबता येईल?" नाही. "बसा," म्हणून वकीलसाहेब खाली बसतात. त्या दिवशी बाररूममध्ये चहा त्यांच्याकडून.

पण या धंद्याचं खरं दुखणं उत्पन्नाचं आहे. आपला माणूस जिवंत असतो तोवर त्याला उत्पन्नच नसतं. तलाठ्याकडं नसतं, आयकरवाल्याकडं नसतं, मुलाच्या फीमाफीच्या अर्जावर तर मुळीच नसतं. तो गेला की तेराव्याच्या आत कळतं की त्याची वीटभट्टी होती, चार म्हशी होत्या, ट्रॅक्टर भाड्यानं जायचा आणि महिना 35 हजार कुठं गेले नव्हते. वकीलसाहेब अर्जात 35 हजार लिहितात. उलटतपासात कंपनीचे वकील कपाटातून सरबताची बाटली काढावी तशा हलक्या हातानं पिवळं रेशनकार्ड काढतात. वर्षाला 15 हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळणारं. "हे आपलंच का?" विधवा वकीलसाहेबांकडं बघते, वकीलसाहेब पंख्याकडं बघतात. मृताला चोराचा शिक्का न लावता श्रीमंत करून दाखवायचं, आणि तेही त्यानं स्वतः भरलेल्या कागदांच्या विरुद्ध जाऊन, हीच त्यांची आयुष्यभराची कामगिरी. माझ्या मते जिल्ह्यात माणसाच्या कष्टाची किंमत मनापासून काढायला बसतो असा हा एकच इसम असतो. उशिरा बसतो एवढंच.

बायकांच्या बाबतीत तर कागदच नसतो. एका दाव्यात घरची सून ट्रकखाली गेलेली. अर्जदारांत सासू. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली वकीलसाहेब तिला साक्षीसाठी तयार करत होते.

"मावशी, सून काय काम करायची?"

"काय करायची? घरीच असायची."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ज्युनियरला कागद घ्यायला सांगितला. "पहाटे पाणी कोण भरायचं?" ती. "धारा?" ती. "डेअरीला दूध?" तीच. पोरांचा डबा, शेणघाण, खुरपणी, मावशीच्या गुडघ्याला तेल, रात्रीच्या भाकरी. लिहिता लिहिता पान उलटलं. 2001 साली लता वधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या सेवेची किंमत महिना 3 हजार धरली होती, आणि त्यानंतरही ती कशी मोजायची यावर निकाल येतच राहिले. पण तो कागद हातात घेऊन म्हातारी जशी गप्प बसली तसा परिणाम कुठल्या निकालानं साधला असेल असं मला वाटत नाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी कागद सोडेना.

पिंजऱ्यात कंपनीच्या वकिलांनी ठरलेलं वाक्य टाकलं. मयत गृहिणी होती, सबब तिला उत्पन्न काही नव्हतं, हे खरं आहे काय? अशा प्रश्नाला "हे म्हणणे खरे नाही" एवढंच म्हणायचं, हे म्हातारीकडून दहादा घोकून घेतलेलं. ती घोकलेलं सगळं विसरली. "मग आता बाई लावलीया तिला पैसं का द्यावं लागत्यात?" न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, हे जसंच्या तसं घ्या.

लोकअदालतीत यातलं काही ऐकू येत नाही. तिथं बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा होतो तसा कारभार. कंपनीचा अधिकारी कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहितो, वकीलसाहेब खोडून दुसरा लिहितात, पॅनेलवरचे निवृत्त न्यायाधीश दोन्हींच्या मधला वाचून दाखवतात. आठ वर्षं पंचनाम्यातल्या इंचावरून भांडलेली माणसं वीस मिनिटांत पुरसीसवर सही करतात आणि एकाच प्लेटमधले वडे खातात. ट्रकमालक कुठंच नसतो. त्याच्याविरुद्ध दावा पहिल्या महिन्यातच एकतर्फा झालेला असतो.

पन्नाशीला आलं की या अपघातवाल्या वकिलांतले काही विमा कंपनीच्या पॅनेलवर जातात. याला बढती म्हणायचं की धर्मांतर, यावर बाररूममध्ये दोन मतं आहेत. वीस वर्षं ज्यांनी हेल्मेटचा आणि डोक्याच्या जखमेचा संबंध नाही म्हणून टेबल बडवलं, तेच आता विचारतात, "हेल्मेट नव्हतं ना?" तेच निकाल, तीच पुस्तकं, पानांची टोकं दुमडलेली तशीच, फक्त अधोरेखित ओळी आता दुसऱ्या असतात. समोर त्यांचाच जुना ज्युनियर त्यांचाच जुना युक्तिवाद त्यांच्याच खाकरण्यासकट करतो आणि त्यांना तो अतिशय तकलादू वाटतो.

आमचे वकीलसाहेब पॅनेलवर गेले नाहीत. कोर्टाच्या फाटकासमोरच एका टेम्पोनं त्यांच्या स्कूटरला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी बायकोला पहिला प्रश्न विचारला, "पंचनामा कुणी केला?" दुसरा प्रश्न, टेम्पोचा विमा चालू आहे का. तिसरा त्यांनी विचारला नाही, कारण वय त्यांना माहीत होतं: चोपन्न, गुणक अकरा.

ज्युनियर अर्ज लिहायला खाटेशी बसला. नाव, पत्ता, व्यवसाय भरून झाल्यावर त्याचं पेन थांबलं. साहेबांनी जन्मभर फी रोख घेतली होती आणि विवरणपत्रातला आकडा त्यानंच दरवर्षी सीएकडं पोहोचवला होता.

"साहेब, उत्पन्न किती धरू?"

वकीलसाहेबांनी वजन लावलेल्या पायाकडं पाहिलं, मग दाराकडं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "कुशल कामगाराचं किमान वेतन टाक. त्याला पुरावा लागत नाही."