लपणवाले अण्णा

1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला वेसण घातली, 1991च्या दुरुस्तीने उरलीसुरली मुभाही गेली. दबा धरायला नेमकी जागा शोधण्याची खोड मात्र कुठल्याच कलमात सापडली नाही. ती अण्णांमध्ये सुखरूप आहे. अण्णांच्या गळ्यात कॅमेरा असतो, पण फोटो काढणं हे त्यांच्या लेखी किरकोळ काम. खरी विद्या एकच, लपण कुठे लावायचं!

भिगवणला उजनीच्या काठावर पहाटे उतरलं, की अण्णा आधी चिमूटभर माती हवेत सोडतात. "बदक वाऱ्याला तोंड करून उतरतं. म्हणून वारा आपल्या पाठीला हवा. सूर्यही पाठीला. म्हणजे पूर्वेचा काठ!" इथवर सगळं शास्त्रशुद्ध. जाळी सोडायला घ्यावी, तोच अण्णा ओरडतात, "थांबा! समोर उसाच्या कडेला मोटारीचा खांब येतोय." बिऱ्हाड हलतं. पुढच्या जागी खांब नाही, पण जमीन उंच. "पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे हो!" त्यापुढची जागा अगदी मनासारखी, पण ती गेल्या महिन्यातली. धरणाचं पाणी उतरलंय आणि काठ पार लांब गेलाय. भाच्यासाठी स्थळं बघणारी आत्याही इतक्या खोडी काढत नाही.

कुणी कुरकुरलं, की अण्णा भरतपूर काढतात. "12 नोव्हेंबर 1938. व्हाइसरॉय लिनलिथगोची शिकार. एका दिवसात 4,273 पक्षी! कशामुळे? जागा!" बंदुका किती होत्या, हा तपशील त्यांना गौण वाटतो.

तोवर उजाडतं. लपणात शिरायचं ते अंधारात, हा नियम अण्णांचाच. आता जाळी खांद्यावर घेऊन उभे असलेले अण्णा सगळ्या जलाशयाला दिसतात. चक्रवाकांची जोडी बोंब ठोकत उठते. तिच्यामागे थापटे, तलवार बदकं, सगळा गोतावळा पलीकडच्या काठाला जाऊन बसतो.

अण्णांचा चेहरा खुलतो. "बघा! पलीकडचीच जागा चांगली."

"अण्णा, तुमी हितं हाय म्हणून ती तिकडं ग्येली," नावाडी म्हणतो.

अण्णा विचारात पडतात. मग मांडीवर थाप मारतात. "म्हणजे उद्या आपण तिकडे बसायचं. ती आपोआप इकडे येतील!"

नावाडी लगेच मान डोलावतो. काठ कुठलाही ठरो, नाव त्याचीच लागणार असते.