उरलेल्या गोळ्यांचे काकाजी

आमगावात जा, तिरोड्यात जा, नाहीतर अर्जुनी मोरगावात. धानाच्या कोठीवरच्या फळीवर सोनपापडीचा एक डबा हमखास सापडेल. सोनपापडी मागच्या दिवाळीतच संपलेली. आत गोळ्या : अर्धवट कापलेल्या पत्त्यांतल्या, कुठे तीन उरलेल्या, कुठे एकुलती एक. हा डबा ज्यांचा, ते आमचे काकाजी. गोंदिया जिल्ह्यात असे काकाजी गल्लीला एक तरी असतात. ते कशातून निवृत्त झाले ते सोडा. डॉक्टरकीतून झालेले नाहीत, कारण तिच्यात ते कधी नव्हतेच.

काकाजींचं सगळं वैद्यकशास्त्र एका वाक्यात मावतं : "बरं वाटून राहिलं ना? मंग बस झालं जी!" डॉक्टरने पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरतो, तिसऱ्या दिवशी सकाळी काकाजी स्वतःच स्वतःला सुट्टी देतात आणि उरलेल्या गोळ्या, बियाण्याचं धान बाजूला काढावं तशा, डब्यात जातात. पुढच्या हंगामाला कामी येतील.

रात्रीचं जेवण झालं की डबा खाली उतरतो. चष्मा लागतो. पत्ता अडकित्त्याने कापला जातो, आणि तोही नेमका असा, की मुदतीची तारीख एका तुकड्यावर राहते आणि गोळ्या दुसऱ्या. नावं काकाजी वाचत नाहीत. लाल-पिवळी घशाची, मोठी पांढरी दाताची, हिरवट असेल ती 'अंगात कसकस' असल्यावरची. पत्त्यावर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका, असं सरकारने 2016 साली मोहीम काढून सांगितलं. मोहीम काकाजींपर्यंत पोचली. अर्थ मात्र त्यांनी आपला लावला : "लाल रेघ म्हणजे पावरवाली!"

पावरवाली गोळी गरम पडते, हेही ठरलेलं. म्हणून दिवसातून तीन सांगितल्या तर काकाजी दोन घेतात, आणि त्याही दुधाबरोबर. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जाते आणि अंगी पुरती लागतच नाही, हे त्यांच्या कानावर घालून झालं आहे. "दुधानं कोणाचं वाईट झालं जी?" तीच गोळी घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिका सोलवटते, पेलाभर पाणी प्यावं आणि थोडा वेळ बसून राहावं. पण जेवणानंतर लवंडणं हा काकाजींचा जन्मसिद्ध हक्क आहे.

एवढं त्यांच्यापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण काकाजी दिलदार आहेत. शेजारच्या सुनेचा घसा बसला, दिली लाल-पिवळी. आधी कधी कुठलं औषध सोसलं नव्हतं का, हे विचारायची पद्धत डब्यात नाही. तासाभरात तिच्या अंगभर गांधी उठल्या. काकाजी शांत : "गर्मी बाहेर निघून राहिली." तिला दवाखान्यात नेलं ते काकूंनी.

रोवणीच्या दिवसांत डब्याला विशेष मागणी. चिखलात राबणाऱ्या गड्याला ताप आला, काकाजींनी दोन कॅप्सुला दिल्या. आशाताई दारात उभी.

"काकाजी, रक्त तपासलं का याचं?"

"तपासाचं काय त्याच्यात? ताप तर दिसूनच राहिला!"

तपासल्यावर मलेरिया निघाला. या जंगलपट्ट्यात पावसाळ्यातला ताप मलेरियाचा असतो, डेंग्यूचा असतो, नाहीतर स्क्रब टायफसचा. सुरुवातीला तिन्ही सारखेच दिसतात. जिवाणूचा त्यातला फक्त शेवटचा. सर्दी-पडशावरही अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते बहुधा विषाणूचं दुखणं. पण सर्दी आठवडाभरात आपोआप जाते आणि श्रेय डब्याला मिळतं.

काकाजींची ही श्रद्धा आली कुठून, तेही सांगायला हवं. त्यांच्या लहानपणी थोरल्या भावाला न्यूमोनिया झाला होता, घरच्यांनी आशा सोडली होती. पेनिसिलिनच्या सुयांनी भाऊ उठून बसला. त्याच काळात आपल्याकडे पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. ज्याने मेलेला उठताना पाहिला, तो त्या औषधातली एक गोळी तरी कशी फेकेल?

गंमत म्हणजे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने आमच्या काकाजींना न बघताच ओळखलं होतं. 1945 साली नोबेलच्या भाषणात त्याने एक काल्पनिक माणूस उभा केला. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग त्यांची लागण त्याच्या बायकोला होते, आणि तिच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही. बायको जाते. ही गोष्ट काकाजींना सांगितली तर म्हणाले, "त्या माणसानं दुधाबरोबर नसंल घेतलं!" काकू आतून एवढंच बोलल्या, "माह्या दुखण्याला तुमचा डबा नाही आणायचा."

तुमच्या घरीही एक काकाजी असतील. त्यांच्याशी वाद घालू नका, माणूस फार चांगला आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणू नका. किती वेळा आणि किती दिवस ते डॉक्टरला ठरवू द्या. अंगावर पुरळ उठलं, दम लागला तर तडक दवाखाना गाठा. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका. आणि औषध घरात आलं की पहिल्याच दिवशी काकूंच्या ताब्यात द्या. त्यांच्या हिशेबात गोळी उरत नाही.